टेक्सासातील शेतजमीन, खनिजहक्क आणि तेलाची लीज: सही करण्यापूर्वी काय पाहावे?

शेवंती (शुगर लँड, टेक्सास)

सर्वांना नमस्कार. टेक्सासात शेतजमीन असलेल्या आणि तेलकंपन्यांशी ज्यांचा प्रत्यक्ष व्यवहार झालेला आहे अशा मंडळींकडून मला सल्ला हवा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०११ साली आम्ही गोंझालेस काउंटीत ९६ एकर जमीन घेतली. माझे माहेर निफाड तालुक्यातले. वडील आयुष्यभर द्राक्षबागेत राबले, त्यामुळे आपल्या नावावर मातीचा एखादा तुकडा असावा ही ओढ इथे येऊनही सुटली नाही. खरेदीखतावर तीन नावे समान हिश्श्याने आहेत: माझे, यजमानांचे आणि तेव्हा ह्यूस्टनला नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या दिरांचे. दीर २०१६ पासून पुण्यात स्थायिक आहेत. जमिनीवर शेजाऱ्यांची गुरे चरतात, ओढ्याच्या काठाने पेकानची चाळीसेक जुनी झाडे आहेत आणि घराचे व गुरांचे पाणी एकाच बोअरवर चालते.

तीन आठवड्यांपूर्वी एका लँडमनचा, म्हणजे तेलकंपनीसाठी जमीनमालकांकडून लीज मिळवणाऱ्या माणसाचा, फोन आला आणि पाठोपाठ ते गृहस्थ कागद घेऊन घरी आले. त्यांची कंपनी आमच्या भागात ईगल फोर्ड या तेलाच्या खडकथरात आडव्या विहिरी खोदणार आहे. प्रत्येक निव्वळ खनिज एकरामागे (एकर गुणिले आपला खनिज हिस्सा) ६०० डॉलर बोनस, ३/१६ रॉयल्टी म्हणजे विक्रीतला वाटा, तीन वर्षांची मुदत आणि ती आणखी दोन वर्षे वाढवण्याचा कंपनीला हक्क, असा त्यांचा प्रस्ताव आहे. कागदाच्या डोक्यावर ‘प्रोड्यूसर्स ८८’ असे छापलेले आहे. हा ठरलेला नमुना आहे, आजूबाजूच्या सर्वांनी याच कागदावर सह्या केल्या आहेत आणि शुक्रवारपर्यंत सही झाली नाही तर हा दर राहणार नाही, असे ते सांगून गेले.

माझा गोंधळ मुळापासूनच आहे. आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे जमिनीखालचे खनिज सरकारचे असते, आणि विक्रीसाठी मुरूम उचलायचा तरी परवानगी काढून स्वामित्वधन भरावे लागते, हे मी लहानपणापासून पाहिलेले आहे. इथे खनिज खाजगी मालकीचे असते एवढे ऐकून होते. मात्र आमच्या खरेदीखतात विकणाऱ्याने ‘तेल, वायू व इतर खनिजांचा अविभाजित अर्धा हिस्सा’ स्वतःकडे राखून ठेवलेला आहे, ही ओळ मी या निमित्ताने पहिल्यांदा नीट वाचली. टायटल कंपनीच्या (जमिनीची मालकी तपासून विमा देणाऱ्या) कागदांत १९३६ च्या एका खताचाही उल्लेख आहे आणि त्यात खनिजांचा ‘१/८ चा १/२’ राखून ठेवल्याचे लिहिलेले आहे. त्याचा अर्थ मला लागत नाही, आणि टायटलच्या विम्यातून तर खनिजे स्पष्टपणे वगळलेली आहेत.

आम्ही नकार दिला तर जमिनीवर काहीच होणार नाही ना? ३/१६ हा दर योग्य आहे का? झाडांचे आणि बोअरच्या पाण्याचे काय होईल? आम्हाला पैशाची निकड नाही, पण अज्ञानापोटी हातचे घालवायचेही नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

करवंद (मिडलँड, टेक्सास)

शेवंतीताई, मी गेली चौदा वर्षे पश्चिम टेक्सासात तेलाच्या लीजसाठी जुनी खते तपासण्याचे काम करतो. वकील नाही, हे आधीच सांगतो. तुमच्या प्रश्नांचा क्रम मी थोडा बदलणार आहे, कारण दर योग्य आहे की नाही यापेक्षा तुमच्याकडे द्यायला नेमके किती आहे हा प्रश्न पहिला आहे, आणि तुम्ही दिलेल्या माहितीवरून त्याचे उत्तर अजून कोणाकडेही नाही.

आपल्याकडे सातबारा उघडला की ‘इतर हक्क’ हा रकाना समोर येतो आणि बोजा, कूळ, वाटसरीचा हक्क काय असेल ते निदान तिथे शोधायचे एवढे तरी कळते. टेक्सासात असा एकत्रित उतारा नसतो. इथे जमिनीचा वरचा हक्क आणि खालच्या खनिजाचा हक्क एकदा वेगळे झाले की त्यांचे वारस, खरेदीदार आणि वाटण्या स्वतंत्रपणे चालू राहतात, आणि ते सगळे काउंटी क्लर्कच्या कार्यालयातील खतांच्या सूचीतून, देणाऱ्याचे नाव आणि घेणाऱ्याचे नाव धरून, एकेक खत मागे जात जुळवावे लागते. तुमच्या ९६ एकरांचा हा ‘इतर हक्क’ रकाना तुम्हालाच तयार करून घ्यावा लागेल. कंपनीने स्वतःपुरता तो केलेला असतो. म्हणून तुमचा हिस्सा त्यांनी किती धरला आहे आणि कोणत्या खताच्या आधारे, हे लँडमनला लेखी विचारा.

आता १९३६ चे खत. त्या काळी १/८ हीच रॉयल्टी इतकी रूढ होती की लोक ‘१/८’ असे लिहून संपूर्ण खनिजहक्क असाच अर्थ घेत. २०२३ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हॅन डाइक खटल्यात १९२४ च्या खतातील ‘१/८ चा १/२’ याचा अर्थ १/१६ असा न लावता अर्धे खनिज असा लावला. हे गृहीतक खतातील इतर मजकुरावरून खोडता येते, पण सुरुवात तिथून होते. म्हणजे १९३६ सालीच कोणीतरी अर्धे खनिज राखून ठेवले असण्याची दाट शक्यता आहे. तसे असेल तर तुम्हाला विकणाऱ्याकडे अर्धेच उरले होते, आणि त्याने पुन्हा ‘अर्धे’ राखले. मग तुम्हाला काय मिळाले? डुहिग खटल्यातील १९४० च्या निर्णयाचा आधार घेतला तर, विकणाऱ्याने हमी देऊन खत केले असल्यास, आधी तुमचा अर्धा हिस्सा पुरा होतो आणि त्याच्या हाती काही उरत नाही. पण ‘आधीच्या राखीव हक्कांच्या अधीन राहून’ अशा एखाद्या वाक्याने हे सारे चित्र पालटू शकते. शब्दरचनेनुसार तुमचा हिस्सा अर्धा, पाव किंवा शून्य निघू शकतो. एका वाक्यावर एवढे अवलंबून असताना शुक्रवारची मुदत तुम्ही मनावर घेण्याचे काहीच कारण नाही.

दुसरा प्रश्न नकाराचा, आणि इथे बहुतेक आपली माणसे फसतात. टेक्सासात खनिजाच्या प्रत्येक सहमालकाला आपला हिस्सा इतरांना न विचारता लीजवर देता येतो, आणि कंपनी एका सहमालकाच्या लीजवरही विहीर खोदू शकते. ज्याने सही केली नाही त्याला विहिरीचा वाजवी खर्च वळता झाल्यावर निव्वळ नफ्यातील त्याचा वाटा मिळतो, पण विहीर मात्र थांबत नाही. त्यातून खनिजहक्क हा वरच्या हक्कापेक्षा वरचढ मानला जातो. तेल काढण्यासाठी वाजवी गरजेइतकी जमीन वापरण्याचा, रस्ता करण्याचा, पॅड (विहिरीसाठी सपाट केलेली जागा) बांधण्याचा अधिकार कंपनीला त्यातूनच मिळतो. शेजारच्या ओक्लाहोमात १९८२ पासून जमिनीच्या नुकसानभरपाईचा कायदा आहे, टेक्सासात तसा नाही. तेव्हा तुम्ही सही केली नाही आणि दुसऱ्या अर्ध्या हिश्श्याच्या मालकाने केली, तर पॅड तुमच्याच पेकानपाशी येऊ शकतो आणि तुमच्या हाती अटी घालण्याची संधीही राहणार नाही.

न्यायालयांनी जमीनमालकाला अगदीच वाऱ्यावर सोडलेले नाही. १९७१ च्या गेटी ऑइल विरुद्ध जोन्स खटल्यात गेन्स काउंटीतील एका शेतकऱ्याने फिरते तुषारसिंचन बसवले होते, ज्याखालून सात फुटांपेक्षा उंच काही जाऊ शकत नव्हते. कंपनीचे पंप त्याहून कितीतरी उंच होते. शेजारच्या जमिनींवर इतर कंपन्यांनी पंप खड्ड्यात उतरवून बसवले होते. तेव्हा जमिनीचा आधीपासून चालू असलेला उपयोग मोडत असेल आणि कंपनीकडे उद्योगात रूढ असलेला दुसरा वाजवी मार्ग असेल, तर तिने तो पत्करला पाहिजे, असे तत्त्व त्या निकालातून आले. पण ते सिद्ध करण्याचा भार जमीनमालकावर असतो आणि त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. लीजमध्ये किंवा वेगळ्या भूवापर करारात तीच गोष्ट चार ओळींत लिहून घेणे कितीतरी स्वस्त पडते.

दराबद्दल आता थोडक्यात. समजा तुमचा हिस्सा खरोखर अर्धा, म्हणजे ४८ निव्वळ खनिज एकर निघाला आणि ६४० एकरांच्या युनिटमध्ये (विहिरीसाठी एकत्र केलेल्या जमिनींत) तो सामील झाला. ३/१६ दराने तुमचा दशांश, म्हणजे युनिटच्या विक्रीतला वाटा, ०.०१४०६२५ येतो, तर १/४ दराने ०.०१८७५. एखाद्या महिन्यात १०,००० बॅरल तेल ७० डॉलरने विकले गेले, तर राज्याचा ४.६ टक्के उत्पादनकर वजा होण्यापूर्वी तुम्हा तिघांच्या वाट्याला पहिल्या दराने सुमारे ९,८४४ डॉलर आणि दुसऱ्या दराने १३,१२५ डॉलर येतील. तुमचा सगळा बोनस २८,८०० डॉलरचा. चांगल्या विहिरीच्या सुरुवातीच्या नऊ महिन्यांत रॉयल्टीतला फरक त्या बोनसइतका होऊ शकतो. ईगल फोर्डमध्ये १/४ मागणे मुळीच अवाजवी नाही. बोनसचा आकडा मोठा दिसतो म्हणून घासाघीस त्यावर होते, खरे तर ती रॉयल्टीवर आणि कलमांवर व्हायला हवी.

आंबराई (सॅन अँटोनिओ)

करवंद यांनी हिश्श्याचे सांगितले, मी कलमांचे सांगतो, कारण त्याची किंमत मी स्वतः मोजतो आहे.

२००९ साली आमच्या २१० एकरांची लीज मी अशाच छापील कागदावर सही करून दिली. कंपनीचे नाव लिहीत नाही, त्याने काही साधणार नाही. ‘प्रोड्यूसर्स ८८’ हे शब्द वाचून मीही हा सरकारमान्य नमुना असावा असे समजलो होतो. त्या नावाखाली शेकडो वेगवेगळे मसुदे फिरतात, आणि ज्याच्या छापखान्यातून तो येतो त्याच्याच बाजूने तो लिहिलेला असतो, हे मला फार उशिरा कळले. २०११ मध्ये कंपनीने एक विहीर खोदली आणि तिच्या युनिटमध्ये माझे ४० एकर घेतले. उरलेले १७० एकर त्या युनिटच्या बाहेर आहेत, तिथे एक खुंटीही ठोकलेली नाही, तरीही ते आजतागायत त्याच लीजखाली अडकून आहेत. कारण लीजमध्ये मुदतीनंतर ‘जोवर उत्पादन चालू आहे तोवर’ असे म्हटले आहे आणि लीज अखंड आहे. २०१४ मध्ये दुसरी एक कंपनी त्या १७० एकरांसाठी चांगला दर घेऊन आली होती. मला त्यांना परत पाठवावे लागले.

यावरचा उपाय जुना आहे. लुइझियानातील लॉरेन्स प्यू नावाच्या वकिलांनी १९४७ च्या सुमारास असे कलम लिहिले की युनिटमध्ये घेतलेली जमीनच उत्पादनाने टिकून राहील, बाहेरची मुदत संपताच मोकळी होईल. ते आजही प्यू कलम म्हणूनच ओळखले जाते. त्याला खोलीची जोड द्या: ज्या थरातून उत्पादन होते त्याच्या तळाखालचे, आणि जमल्यास वरचेही, सर्व थर मोकळे व्हावेत. ईगल फोर्डच्या वर ऑस्टिन चॉकचा थर आहे. आज तुमच्याशी ईगल फोर्डचे बोलणे चालले असेल, तरी छापील कागदात सगळेच थर जातात.

दुसरी गोष्ट वजावटींची. माझ्या रॉयल्टीच्या चेकसोबत जी पट्टी येते तिच्यावर तेलाची एक ओळ आणि वायूच्या दोन ओळी असतात. गेल्या हिवाळ्यातील एका महिन्यात वायूचे माझ्या हिश्श्याचे मूल्य १,१४० डॉलर होते आणि त्याखाली गोळा करणे, दाब वाढवणे, शुद्ध करणे आणि वाहून नेणे या चार नावांनी मिळून ४८६ डॉलर कापलेले होते. मी भांडायला गेलो तेव्हा मला लीजमधील ‘विहिरीच्या तोंडाशी असलेले बाजारमूल्य’ हे शब्द दाखवण्यात आले. तोंडाशी असलेले मूल्य म्हणजे पुढच्या विक्रीच्या किमतीतून तिथवरचा खर्च वजा करून येणारे मूल्य, असा अर्थ टेक्सासात पक्का आहे. तुम्ही म्हणाल की मग ‘कोणतीही वजावट करू नये’ असे लिहून घ्यावे. १९९६ च्या हेरिटेज रिसोर्सेस खटल्यातील लीजमध्ये तसे लिहिलेले होते, पण मूळ कलमात ‘विहिरीच्या तोंडाशी’ हे शब्द तसेच राहिल्यामुळे वजावटबंदीचे वाक्य निरर्थक ठरले. त्यामुळे खाली जोडपत्र लावून भागत नाही, तर वरचे शब्दच खोडून ‘त्रयस्थ खरेदीदाराकडून प्रत्यक्ष मिळालेली एकूण रक्कम’ असा पाया धरावा लागतो. जोडपत्र आणि छापील मजकूर यांत विसंगती आली तर जोडपत्र चालेल, हेही लिहून घ्या.

वायूची विहीर बंद ठेवून वर्षाला एकरी एक डॉलर देऊन लीज जिवंत ठेवण्याचे कलम माझ्या कागदात आहे आणि त्याला काळाची मर्यादा नाही. तुमच्यात असेल तर सलग दोन वर्षांपेक्षा जास्त नाही, अशी मर्यादा घाला. मुदत वाढवण्याचा जो दोन वर्षांचा हक्क ते मागत आहेत तो एकतर काढा, नाहीतर त्यासाठी पुन्हा पूर्ण बोनस मागा.

पाण्याबद्दल मी कळकळीने सांगतो. टेक्सासात भूजल जमीनमालकाचे असते, हे खरे आहे. पण १९७२ च्या सन ऑइल विरुद्ध व्हिटेकर खटल्यात न्यायालयाने तेल काढण्यासाठी गरजेइतके पाणी त्याच जमिनीतून वापरण्याचा हक्क कंपनीला आहे असे ठरवले, आणि ते पाणी शेतकऱ्याच्या सिंचनाचेच होते. म्हणून लेखी परवानगी व मोबदल्याशिवाय बोअर, तळे किंवा ओढा यांतले पाणी घेऊ नये, असे स्पष्ट शब्द हवेत. रिग येण्यापूर्वी स्वतंत्र प्रयोगशाळेकडून बोअरच्या पाण्याची तपासणी कंपनीच्या खर्चाने करून घ्या आणि तो अहवाल जपून ठेवा. पुढे पाण्याला वास आला किंवा क्षार वाढले, तर आधी ते कसे होते हे दाखवायला दुसरा पुरावा नसतो.

आमच्याकडे पॅड झाला तेव्हा पांढऱ्या चुनखडीच्या खडीचा रस्ता घरापासून तीनशे फुटांवरून गेला. खोदाईचे ते चार महिने ट्रकची रांग रात्रीही थांबत नसे, आणि रस्त्यालगतच्या पेकानच्या पानांवर पिठाच्या गिरणीत बसतो तसा पांढरा थर बसलेला असे. त्या ओळीतल्या सहा झाडांना पुढच्या वर्षी फळ धरले नाही. रस्ता कुठून जाईल हे मी नकाशावर आखून दिले असते तर तो मागच्या कुंपणाने जाऊ शकला असता, त्यात त्यांचेही काही बिघडत नव्हते. तुम्ही जमिनीचा नकाशा घ्या, ओढ्याची पट्टी, घर आणि बोअर यांभोवती ‘इथे काही नाही’ असा पट्टा रंगवा आणि तो नकाशा करारालाच जोडा. ९६ एकरांसाठी तर जमिनीवर पाऊलच ठेवायचे नाही, शेजारच्या पॅडवरून आडवे खोदा, अशी अट मागणेही शक्य आहे. आडव्या विहिरी मैल-दोन मैल सहज जातात. फक्त करवंद म्हणाले ते विसरू नका: दुसऱ्या अर्ध्या हिश्श्याच्या मालकाने दिलेल्या लीजला तुमची ही अट लागू होत नाही, म्हणून भूवापर करार कंपनीशी वेगळा करून तो काउंटीत नोंदवून घ्या.

शेवंती (शुगर लँड, टेक्सास)

आपण दोघांनी इतका वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभार. मी लँडमनना फोन करून आमचा हिस्सा कसा धरला ते लेखी मागितले. त्यांचा सूर जरा बदलला, पण दोन आठवड्यांची मुदत लगेच मिळाली. रात्री मी तो छापील कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. प्यू कलम त्यात नाही. ‘विहिरीच्या तोंडाशी’ हे शब्द तीन ठिकाणी आहेत. जमिनीलगतच्या, आमच्या मालकीच्या पण वर्णनात न आलेल्या पट्ट्याही लीजमध्ये धराव्यात असे एक वाक्य आहे. घरापासून २०० फुटांच्या आत विहीर खोदणार नाही, एवढेच संरक्षण आहे आणि झाडांचा उल्लेखही नाही.

दिरांचा प्रश्न मात्र राहिला. ते भारतात असताना त्यांची सही, त्यांचा कर हे कसे जमवायचे? आणि आम्हाला तरी कर कसा लागेल?

मुळाकाठ (पुणे)

माझ्या मावशीच्या मृत्युपत्रातून टेक्सासातील रॉयल्टीचा एक लहान हिस्सा मला मिळाला, त्यामुळे तुमच्या दिरांच्या बाजूचे मी सांगू शकते.

सहीचे काम अवघड नाही. लीज काउंटीत नोंदवायची असल्याने सही नोटरीसमोर व्हावी लागते. ती मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत करता येते, किंवा दीर तुमच्या यजमानांना केवळ या व्यवहारापुरते मुखत्यारपत्र देऊ शकतात. ते मुखत्यारपत्रही काउंटीत नोंदवावे लागेल. सरसकट मुखत्यारपत्र देण्याचे कारण नाही.

कराच्या बाबतीत तुम्ही दोघे आणि ते यांत मोठा फरक आहे. तुम्ही अमेरिकेत रहिवासी म्हणून कर भरता, त्यामुळे रॉयल्टी विवरणपत्राच्या शेड्यूल ई या तक्त्यात दाखवून तिच्यातून १५ टक्के घसारा, ज्याला तिथे डिप्लीशन म्हणतात, वजा मिळू शकतो. बोनस मात्र साधे उत्पन्न धरले जाते आणि त्यावर ही टक्केवारीची सूट नाही. विहीर चालू झाली की तुमचा खनिज हिस्सा काउंटीच्या मूल्यांकन यादीत स्थावर मालमत्ता म्हणून येतो आणि १ जानेवारीच्या मूल्यावर वेगळे बिल येते. ते बिल पाहून घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका.

दीर अनिवासी परकीय ठरत असतील तर कंपनी त्यांच्या वाट्याच्या एकूण रकमेतून थेट ३० टक्के कापते, खर्च किंवा घसारा काहीही न धरता. यावर मार्ग असा की स्थावर मालमत्तेचे उत्पन्न व्यवसायाच्या उत्पन्नाप्रमाणे निव्वळ रकमेवर करपात्र धरावे, अशी निवड अमेरिकी विवरणपत्रात करता येते, आणि मग परकीयांसाठीचा योग्य डब्ल्यू-८ फॉर्म कंपनीकडे द्यावा लागतो. मी पहिल्या वर्षी चुकीचा फॉर्म पाठवला आणि कापलेले पैसे परत मिळवण्यात पुढची दीड वर्षे हे भिजत घोंगडे पडून राहिले. भारतात रहिवासी म्हणून त्यांना हेच उत्पन्न इथल्या विवरणपत्रातही दाखवावे लागेल, अमेरिकेत भरलेल्या कराचे श्रेय घ्यावे लागेल आणि ती मालमत्ता परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात लिहावी लागेल. परदेशात राहत असताना घेतलेली स्थावर मालमत्ता भारतात परतल्यावरही बाळगण्यास फेमा या परकीय चलनाच्या कायद्याची आडकाठी नाही, तेव्हा ती चिंता नको.

एक गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही म्हणून लिहिते. अमेरिकेबाहेर राहणाऱ्या परकीय व्यक्तीचा मृत्यू झाला तर तिच्या अमेरिकेतील मालमत्तेवरील वारसाकरातून सूट फक्त ६०,००० डॉलरपर्यंत आहे. जमीन आणि खनिज मिळून दिरांचा तिसरा हिस्सा त्याहून सहज जास्त होईल. त्यांचे वय आणि घरची परिस्थिती पाहून हा हिस्सा आताच, विहीर नसताना, कसा ठेवायचा याचा विचार करा. शिवाय टेक्सासात मृत्युपत्र सामान्यतः मृत्यूनंतर चार वर्षांच्या आत न्यायालयात दाखल करावे लागते. मावशीच्या बाबतीत आम्ही ते तीन वर्षे सात महिन्यांनी केले, आणि तोवर तिची रॉयल्टी कंपनीकडे अडकून राहिली. दावा न केलेली अशी रक्कम तीन वर्षांनी राज्याच्या कोषाधिकाऱ्यांकडे जाते. ती बुडत नाही, अर्ज करून परत मिळते, पण वारसा सिद्ध करत बसावे लागते.

करवंद (मिडलँड, टेक्सास)

पुढच्या टप्प्यावरच्या काही गोष्टी राहिल्या होत्या. वकील निवडताना टेक्सास बोर्ड ऑफ लीगल स्पेशलायझेशनचे तेल, वायू आणि खनिज कायद्याचे प्रमाणपत्र असलेलाच निवडा. घराचे खरेदीखत करून देणारे वकील कितीही चांगले असले तरी हे काम त्यांचे नव्हे. १९३६ चे खत आणि २०११ चे खत या दोन्हींच्या क्लर्ककडील प्रती पहिल्या भेटीतच सोबत न्या.

जमिनीवर कर्ज असेल तर बँकेचे गहाण लीजच्या आधीचे असते, म्हणून कंपनी बँकेकडून दुय्यमत्वाचा करार, म्हणजे गहाण लीजच्या मागे राहील असे पत्र, मागेल. ते पत्र मिळवण्यात आठवडे जातात, आजच विचारणा करा. लीजमध्ये मालकीची हमी देणारे वाक्य असेल तर ते काढून टाका, कारण तुमच्या मालकीबद्दल तुमचीच अजून खात्री नाही.

पुढे विहीर चालू झाली की डिव्हिजन ऑर्डर नावाचा, तुमचा वाटा नमूद करणारा कागद येईल. त्यावरचा दशांश स्वतः मोजून पाहा. टेक्सासात त्या कागदाने लीज बदलता येत नाही, पण चुकीच्या आकड्यावर सही केली तर तो आकडा रद्द करेपर्यंत त्याच हिशेबाने पैसे येत राहतात. पहिला चेक पहिल्या विक्रीच्या महिन्याअखेरीपासून १२० दिवसांत यायला हवा, त्यानंतर तेलाचा ६० आणि वायूचा ९० दिवसांत. विहिरीचे महिन्याचे उत्पादन रेलरोड कमिशनच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, चेकच्या पट्टीवरील आकडे त्याच्याशी ताडून पाहण्याची सवय लावा. हे कमिशन १८९१ साली रेल्वेसाठी स्थापन झाले आणि आज तेल-वायूचे नियमन करते, पण रॉयल्टीचे तंटे ते सोडवत नाही. त्यासाठी न्यायालयच आहे आणि कराराच्या दाव्याला सामान्यतः चार वर्षांची मुदत आहे. ईगल फोर्डच्या विहिरीचे उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येते, म्हणून पहिल्या सहा चेकच्या भरवशावर कोणते कर्ज काढू नका.

तुमचे नाव काउंटीत नोंदले गेले की खनिज विकत घेणाऱ्यांची पत्रे सुरू होतील. काहींसोबत ड्राफ्ट (बँकेमार्फत वटवायचा, चेकसारखा कागद) आणि सहीसाठी तयार कागद असतो आणि तो लीजसारखाच दिसतो. सही करून तुम्ही खनिजहक्क विकत आहात, असे ठळक अक्षरांत सांगणारी सूचना अशा प्रस्तावात असावी, असा टेक्सासचा कायदा आहे. ती ओळ शोधा, आणि सापडली नाही तरी वकिलांना दाखवल्याशिवाय काहीही वटवू नका.

बोनसही बहुधा ३० दिवसांच्या ड्राफ्टनेच येईल, आणि त्या काळात कंपनी मालकी तपासून तो नाकारू शकते. सही केलेली मूळ लीज लँडमनच्या हातात देऊ नका. ती ड्राफ्टसोबत तुमच्या बँकेमार्फत जाऊ द्या किंवा वकिलांकडे ठेवा, आणि पैसे खात्यात जमा झाल्यावरच ती काउंटीत नोंदवली जाईल असे लेखी ठरवून घ्या.